मैलापाणी केंद्र नीट चालतंय का, हे त्याच्या गाळावरून ओळखा

प्रश्न थोडक्यात असा आहे: "पुण्यात मैलापाणी शुद्धीकरणाची इतकी केंद्रं आहेत. त्यातलं एक आत जाऊन पाहिलं. पंप सुरू होते, टाक्यांत बुडबुडे येत होते, बाहेर पडणारं पाणीही बऱ्यापैकी स्वच्छ होतं. मग खाली नदीला फेस आणि वास का? केंद्र नेमकं काय करतं, आणि ते खरंच चालतंय हे आमच्यासारख्यांनी कसं ओळखायचं?"

नदीत फेस दिसला की आपण केंद्राकडे बोट दाखवतो आणि केंद्रात स्वच्छ पाणी दिसलं की गोंधळून जातो. पण दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात. शहरातलं किती मैलापाणी केंद्रापर्यंत पोचतं, पोचलेल्या पाण्यावर पूर्ण प्रक्रिया होते का, आणि त्या प्रक्रियेत तयार होणारा गाळ रोजच्या रोज बाहेर काढला जातो का, या तिन्हींवर नदीची अवस्था ठरते. पहिल्या दोन गोष्टींची चर्चा होते. तिसरी सहसा कुणी विचारत नाही, आणि माझ्या मते केंद्राचं बरंवाईट सर्वांत जास्त तिथेच ठरतं. म्हणून या उत्तरात गाळावर जरा जास्त वेळ घालवणार आहे.

आधी पोचण्याबद्दल. पुण्यातली जुनी केंद्रं मोजली तर भैरोबा नाला १३० एमएलडी, नायडू ११५, एरंडवणे ५०, मुंढवा ४५, खराडी ४०, विठ्ठलवाडी ३२, बाणेर ३०, बोपोडी १८ आणि तानाजीवाडी १७, अशी एकूण ४७७ एमएलडी क्षमता होते. एक एमएलडी म्हणजे दिवसाला दहा लाख लिटर. ही क्षमता शहराला पुरत नाही हे मान्य झाल्यामुळेच जपानच्या जायका संस्थेच्या कर्जातून आणखी ११ केंद्रांची, ३९६ एमएलडीची योजना आखली गेली. कर्जाचा करार २०१६ सालचा आहे. हे सगळे आकडे यंत्रणेच्या क्षमतेचे आहेत. त्या यंत्रणेत रोज प्रत्यक्ष किती पाणी येतं, हे फक्त केंद्राच्या तोंडाशी असलेला प्रवाहमापक सांगू शकतो.

मैलापाणी किती तयार होतं याचा ढोबळ हिशोब माणशी १३५ लिटर पाणीपुरवठा आणि त्यातलं ८० टक्के ड्रेनेजमध्ये, असा धरतात. पुण्यासारख्या शहरात तो फसतो. सोसायट्यांमध्ये टँकरचं आणि बोअरचं पाणी येतं. ते पालिकेच्या पुरवठ्याच्या हिशोबात नसतं, पण वापरून झाल्यावर त्याच ड्रेनेजमध्ये उतरतं. शिवाय २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये २३ गावं हद्दीत आली. जिथे आधी इमारती उभ्या राहिल्या आणि मलवाहिनी नंतर येणार असते, तिथलं पाणी तोवर जवळच्या ओढ्यातच जातं.

ओढ्यात गेलेलं पाणी अडवण्याचा एक नेहमीचा उपाय असतो. नाल्यात छोटा बंधारा घालून पाणी मुख्य वाहिनीत वळवायचं. उन्हाळ्यात हा उपाय चांगला चालतो. पावसात नाल्याचा प्रवाह कितीतरी पटींनी वाढतो, तेव्हा बंधाऱ्यावरून सगळं नदीत जातं, आणि जे वाहिनीत शिरतं त्यात माती, वाळू, प्लास्टिक भरपूर असतं. दुसरी कमकुवत जागा म्हणजे पंपिंग स्टेशन. मुख्य वाहिन्या उताराने नदीकाठाकडे येतात आणि तिथून पाणी उपसून केंद्राकडे पाठवावं लागतं. तिथली वीज गेली आणि जनरेटर लगेच सुरू झाला नाही, की पंपिंग स्टेशनात पाणी जमा होणाऱ्या विहिरीची पातळी वर चढते आणि पाणी ओव्हरफ्लोच्या पाइपातून नदीत जातं. केंद्रात त्या वेळी काहीच बिघडलेलं नसतं. उलट पाणी कमी आल्यामुळे तिथला निकाल चांगला दिसतो.

फेसाचं कारण मुख्यतः साबण आणि डिटर्जंट. त्यातला पृष्ठभागावर काम करणारा रासायनिक घटक भरपूर प्राणवायू मिळाला तर जीवाणू सहज खाऊन टाकतात, प्राणवायू नसलेल्या पाण्यात मात्र तो बराच टिकतो. त्यामुळे प्रक्रिया न झालेलं किंवा अर्धवट झालेलं पाणी बंधाऱ्यावरून खाली आदळलं की पांढरा फेस उठतो. नदीत फेस बंधाऱ्याखाली जास्त दिसतो म्हणून उगम तिथेच असेल असं समजू नका. बंधारा फक्त पाणी घुसळतो, डिटर्जंट वरून आलेलं असतं. फेसाचा माग काढायचा असेल तर नदीकाठाने उलट दिशेने जा आणि वाटेत मिळणारा प्रत्येक नाला पाहा.

आता केंद्राच्या आत जाऊ. पुण्यात बाणेर, मुंढवा, खराडी ही केंद्रं एसबीआर पद्धतीची आहेत, म्हणजे एकाच टाकीत आळीपाळीने भरणं, हवा देणं, निवळणं आणि वरचं पाणी काढणं. जुनी काही केंद्रं सतत वाहत्या पद्धतीची आहेत. त्यात हवेची टाकी वेगळी आणि निवळण्याची टाकी वेगळी असते. मूळ तत्त्व दोन्हींत एकच, १९१४ मध्ये मँचेस्टरला अर्डर्न आणि लॉकेट यांनी मांडलेलं: मैलापाण्यात हवा सोडा, त्यात वाढलेला गाळ फेकून न देता पुढच्या पाण्यासाठी राखून ठेवा. हिशोबासाठी आपण ३० एमएलडीचं, पूर्ण क्षमतेने चालणारं एसबीआर केंद्र धरू. येणाऱ्या पाण्याची बीओडी, म्हणजे त्यातल्या कुजणाऱ्या घाणीचं प्राणवायूच्या मागणीवरून काढलेलं माप, लिटरला २०० मिलिग्रॅम समजू. प्रत्यक्षात ती गावागावांत आणि ऋतूनुसार दीडशे ते अडीचशेच्या दरम्यान, कधी त्याहूनही कमी असते, त्यामुळे पुढचे आकडे त्या प्रमाणात वरखाली होतील.

३० एमएलडी म्हणजे सरासरी ताशी १,२५० घनमीटर. पण सकाळी सात ते दहा या वेळात प्रवाह सरासरीच्या दुपटीहून जास्त होतो, म्हणून पंप, जाळ्या आणि चॅनेल सव्वादोन पट प्रवाहासाठी बांधतात. पहिली जाळी पंपांच्या आधी, २० ते २५ मिलिमीटर फटींची. दुसरी पंपांनंतर, साधारण ६ मिलिमीटरची, यांत्रिक. जाळीवर काय निघतं ते पाहिलं की शहराच्या सवयी कळतात: सॅनिटरी पॅड, डायपर, केसांचे गुंते, गुटख्याच्या पुड्या, चिंध्या. चिंधी जाळीतून निसटली तर पंपाच्या पंख्याला गुंडाळते. पंप चालूच राहतो, आवाजही करतो, फक्त पाणी कमी उचलतो.

त्यानंतर ग्रिट चेंबर. तिथे पाण्याचा वेग इतकाच ठेवतात की वाळू खाली बसावी आणि सेंद्रिय कण पुढे जावेत. लांब चॅनेल असेल तर सेकंदाला ३० सेंटिमीटरच्या आसपास. ०.१५ मिलिमीटरपर्यंतचे वाळूचे कण इथेच निघाले पाहिजेत. आपल्या केंद्रात रोज दीड ते साडेचार घनमीटर वाळू निघणं अपेक्षित आहे, पावसाळ्याच्या सुरुवातीला त्याहून जास्त. ग्रिटचा स्क्रू बंद पडला तर त्या दिवशी कुणाला काही कळत नाही. सहा महिन्यांनी हवेच्या टाकीच्या तळाशी वाळूचा थर बसतो, डिफ्यूझर, म्हणजे पाण्यात बारीक बुडबुडे सोडणारी तळाची उपकरणं, झाकले जातात आणि टाकी रिकामी करून साफ करण्याचं मोठं काम निघतं. म्हणून केंद्र पाहायला गेलात तर ग्रिट चेंबरच्या शेजारी वाळूचा ढीग आहे का ते आवर्जून बघा. ढीग नसेल आणि ती नुकतीच उचलून नेल्याची नोंदही नसेल, तर वाळू आतच आहे.

आता मुख्य टाकी. ३ कोटी लिटर पाण्यात लिटरला २०० मिलिग्रॅम म्हणजे रोज ६,००० किलो बीओडी. ती खाण्यासाठी जीवाणूंना किलोमागे साधारण १.२ किलो प्राणवायू लागतो. त्यावर अमोनियाचा भार. एक किलो अमोनिया-नत्राचं नायट्रेट व्हायला ४.५७ किलो प्राणवायू लागतो, म्हणजे बीओडीच्या जवळजवळ चौपट. दोन्ही मिळून दिवसाला दहा-अकरा टन प्राणवायू होतो. हवेतून पाण्यात उतरणारा वाटा कमी असतो, त्यामुळे ब्लोअरना ताशी बारा-तेरा हजार घनमीटर हवा ढकलत राहावी लागते. केंद्राच्या वीजबिलाचा मोठा भाग इथे जातो, आणि बिल कमी करायचा दबाव आला की पहिला हात ब्लोअरलाच लागतो. हवा कमी केली की आधी अमोनिया घटायचा थांबतो, बीओडी त्यानंतर बिघडते. फक्त बीओडी तपासणाऱ्याला त्यामुळे बराच काळ सगळं ठीक वाटतं. नदीतल्या माशांना मात्र हा अमोनिया लगेच बाधतो.

तुम्ही पाहिलेल्या बुडबुड्यांबद्दल इथेच सांगतो. टाकीभर सारखे, बारीक बुडबुडे हे चांगलं लक्षण. एखाद्या जागी पाणी उकळल्यासारखं उसळत असेल तर तिथल्या डिफ्यूझरचं रबर फाटलं आहे. हवा तिथून सुसाट निघून जाते, पाण्यात विरघळत नाही आणि बाकीच्या टाकीला कमी मिळते. टाकीतल्या मिश्रणाचा रंग चॉकलेटी-तपकिरी असावा आणि वास ओल्या मातीचा. काळसर रंग आणि अंड्यासारखा वास म्हणजे हवा अपुरी पडते आहे.

एसबीआरचं एक नेहमीचं चक्र तीन तासांचं: दीड तास भरणं आणि हवा, पाऊण तास सगळं बंद ठेवून निवळणं, पाऊण तास वरचं पाणी काढणं. टाक्या दोन किंवा चार असतात आणि त्यांच्या वेळा अशा जुळवलेल्या असतात की येणारं पाणी कधी थांबवावं लागत नाही. पाणी काढण्यासाठी डिकँटर नावाचा लांब पन्हळीसारखा भाग हळूहळू खाली येतो आणि फक्त वरचा थर काढून घेतो. तळाशी बसलेला गाळ तसाच राहतो. दह्याच्या भांड्यात विरजणापुरतं दही ठेवावं तसा तो पुढच्या पाण्यासाठी ठेवलेला असतो. टाकीत अशा गाळाचं प्रमाण लिटरला ३,५०० ते ४,००० मिलिग्रॅम राखतात. केंद्रात त्याला एमएलएसएस म्हणतात.

आता मुद्द्यावर येतो. जीवाणूंनी खाल्लेली घाण पूर्णपणे नाहीशी होत नाही. तिचा एक भाग कार्बन डायऑक्साइड होऊन हवेत जातो आणि उरलेल्यातून नवे जीवाणू तयार होतात. त्यात येणाऱ्या पाण्यातले न कुजणारे कण मिळाले की किलोभर बीओडीमागे साधारण ०.८ किलो सुका गाळ तयार होतो. म्हणजे आपल्या केंद्रात रोज ४.८ टन. हा गाळ टाकीतून उपसताना त्यात ९९ टक्के पाणी असतं, त्यामुळे रोज सुमारे पाचशे घनमीटर पातळ गाळ काढावा लागतो. त्यात पॉलिइलेक्ट्रोलाइट (गाळाचे कण एकत्र आणणारं रसायन, बोलण्यात नुसतं पॉली) घालून सेंट्रिफ्यूजमधून फिरवला की २० टक्के सुक्या भागाचा घट्ट लगदा होतो, त्याला केक म्हणतात. ४.८ टन सुका गाळ म्हणजे असा २४ टन केक. रोज दोन-तीन टिपर भरतील इतका, रविवारी आणि दिवाळीतही.

हे काम अवघड असतं, खर्चिक असतं आणि कुणाला दिसत नाही. सेंट्रिफ्यूज बंद पडतं, पॉली संपतं, केक टाकायला जागा नसते, टिपरचं बिल थकलेलं असतं. अशा वेळी गाळ काढणं थांबतं. आपल्या केंद्रातल्या टाक्यांचं एकत्र आकारमान पंधरा हजार घनमीटर धरलं तर गाळ न काढल्यास एमएलएसएस दिवसाला तीनशे मिलिग्रॅमच्या आसपास वाढतो. ३,५०० वरून आठ-दहा दिवसांत सहा हजारांच्या पुढे. पाऊण तासात गाळ पूर्वीइतका खाली बसत नाही, त्याचा थर वर वर येतो, आणि एके दिवशी डिकँटरबरोबर गाळच बाहेर जातो. बहुधा सकाळच्या गर्दीच्या वेळी किंवा मोठा पाऊस आल्यावर. एमएलएसएस पुन्हा खाली येतो, टाकी स्थिर होते, पुढचे काही दिवस पाणी पुन्हा स्वच्छ दिसतं. नमुना त्या दिवसांत घेतला तर अहवाल उत्तम. पण दहा दिवसांत पाण्यातून जी घाण काढून घेतली, तिचा मोठा वाटा एका सकाळीत नदीला परत दिलेला असतो.

म्हणून मी म्हणतो, केंद्र तपासायचं तर पाण्याच्या बाटलीआधी केकच्या वजनाची नोंद मागा. बाहेर पडलेल्या पाण्याचा नमुना त्या एका क्षणाबद्दल बोलतो. वजनकाट्याच्या पावत्यांवरून सबंध महिन्याचा हिशोब लागतो. ३० एमएलडी पाणी आणि २०० बीओडी दाखवणाऱ्या केंद्रातून आठवड्याला दोन टिपर केक निघत असेल, तर एक तर पाणी किंवा बीओडी सांगितली त्यापेक्षा खूप कमी आहे, नाहीतर गाळ पाण्याबरोबर गेला आहे. तिसरी शक्यता फार थोडी आहे. काही केंद्रांत गाळ आधी पाचक टाकीत कुजवून बायोगॅस काढतात. तिथे गाळाचं वजन बरंच कमी होतं, तेवढी सूट द्या. केक उघड्यावर वाळवणाऱ्या केंद्रातही वजन घटतं. पण रिकाम्या नोंदवहीचं समर्थन यातल्या कशानेच होत नाही.

गाळ वेळेवर काढूनही तो खाली बसत नाही असं होतं का? होतं, आणि चालवणाऱ्याची खरी कसोटी तिथे लागते. रोजची चाचणी सोपी आहे. टाकीतलं मिश्रण एक लिटरच्या मोजपात्रात घ्यायचं, अर्धा तास हलवायचं नाही, गाळ किती मिलिलिटरपर्यंत बसला ते वाचायचं. ३५० मिलिलिटर आणि एमएलएसएस ३,५०० असेल तर एक ग्रॅम गाळाने १०० मिलिलिटर जागा घेतली. हा आकडा १२० च्या आत असेल तर चिंता नाही, १५० च्या वर गेला तर सावध व्हायचं. वाढीचं कारण बहुतेक वेळा तंतुमय जीवाणू असतात. त्यांच्यामुळे गाळ कापसासारखा फुगतो. प्राणवायू कमी, येणाऱ्या पाण्यात अन्न फार कमी, जास्त तेल-तूप, किंवा वाहिनीतच सडून सल्फाइड झालेलं पाणी, यांपैकी काय आहे त्यावर उपाय ठरतो. सरसकट उपाय नाही. टाकीवर तपकिरी, चिकट, जाड साय येत असेल तर तेलावर वाढणारे तंतुमय जीवाणू असण्याची शक्यता जास्त. साय वरून काढून टाकावी लागते आणि गाळाचं वय, म्हणजे तो टाकीत सरासरी किती दिवस राहतो ते, कमी करावं लागतं. हॉटेलांच्या तेलसापळ्यांची तपासणी केली तर हा त्रास मुळातून कमी होतो.

एक फरक लक्षात ठेवा. मोजपात्रात गाळ आधी छान बसला आणि तासाभराने ढेकळं होऊन वर आली, तर तो फुगलेला गाळ नाही. तळाशी प्राणवायू संपल्यावर जीवाणू नायट्रेटमधला प्राणवायू वापरतात आणि नत्राचे बुडबुडे गाळ उचलून वर आणतात. इथे फक्त हवा वाढवून भागत नाही. भरण्याच्या सुरुवातीला काही वेळ हवा बंद ठेवून नुसतं ढवळायचं, म्हणजे नायट्रेट तिथेच संपतं. या दोन अवस्थांची गल्लत झाली की उलटा उपाय केला जातो आणि आठवडाभर केंद्र सावरत नाही.

विजेचं काय, असं बरेच जण विचारतात. जीवाणू हवेविना दोन-चार तास सहज काढतात. अर्धा दिवस गेला की गाळ काळवंडू लागतो आणि पूर्वपदावर यायला काही दिवस लागतात. अमोनियाचं नायट्रेट करणारे जीवाणू सर्वांत नाजूक आणि सर्वांत हळू वाढणारे, ते मेले तर त्यांची फौज पुन्हा उभी राहायला एक-दोन आठवडे जातात. रात्री चेंबरमध्ये रिकामा होणारा कारखान्याचा टँकर, म्हणजे आम्ल किंवा धातूंचं पाणी, तर एका फेरीत हे करू शकतो. अशा टँकरची तक्रार करणारा नागरिक केंद्राचं मोठं काम करतो.

शेवटची पायरी जंतू मारण्याची. कच्च्या मैलापाण्यात १०० मिलिलिटरमागे विष्ठाजन्य कोलिफॉर्म जीवाणू लाखो ते कोट्यवधी असतात. गाळ बसल्यावर त्यातले बरेच जातात, तरी लाखभर उरू शकतात, आणि तेव्हा पाणी काचेसारखं पारदर्शक असू शकतं. म्हणून डोळ्यांनी स्वच्छ दिसणाऱ्या पाण्यात हात घालू नका. क्लोरीन लिटरला ५ मिलिग्रॅम धरला तर आपल्या केंद्राला दिवसाला १५० किलो लागतो आणि पाण्याशी त्याचा निदान अर्धा तास संपर्क व्हावा लागतो. ९०० किलोचा एक टोनर, म्हणजे क्लोरीनची मोठी टाकी, सहा दिवस पुरतो. वर्षाला साठच्या आसपास टोनर. खरेदीत पंधरा दिसले तर जंतूंचा अहवाल काहीही म्हणो, क्लोरीन रोज पडलेला नाही.

निकषांबद्दल गोंधळ असतो, म्हणून दोन ओळी. केंद्र सरकारच्या ऑक्टोबर २०१७ च्या अधिसूचनेत महानगरांसाठी बीओडी लिटरला २० मिलिग्रॅम, तरंगते घन पदार्थ ५० मिलिग्रॅमच्या आत आणि विष्ठाजन्य कोलिफॉर्म १०० मिलिलिटरमागे १,००० च्या आत आहेत. नत्र आणि फॉस्फरस त्यात नाहीत. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने एप्रिल २०१९ मध्ये बीओडी १०, घन पदार्थ २०, एकूण नत्र १०, फॉस्फरस १ आणि कोलिफॉर्म २३० अशी कडक पातळी सांगितली. तुमच्या केंद्राला कोणती लागू आहे हे महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संमतिपत्रात लिहिलेलं असतं. अहवाल त्याच्याशीच ताडून पाहा.

फॉस्फरस हा आकडा कागदावर छोटा दिसतो, पण पुण्याच्या बाबतीत तो मला सर्वांत जास्त अस्वस्थ करतो. मुळा-मुठेचं पाणी भीमेतून उजनीत जातं आणि सोलापूर उजनीचं पाणी पितं. बीओडी १० वर आणली तरी फॉस्फरस तसाच सोडला, तर तो धरणात साठतो आणि पाणी हिरवं होतं, शेवाळ वाढतं. नदीतल्या जलपर्णीलाही हेच खत मिळतं. ती काढण्यावर दरवर्षी खर्च होतो आणि तिचं खत रोज वाहत राहतं. टाकीच्या सुरुवातीला हवेविना कप्पा ठेवून, किंवा फेरिक क्लोराइडची मात्रा देऊन फॉस्फरस गाळात उतरवता येतो. गाळात, म्हणजे पुन्हा केक बाहेर काढण्यावर सगळं येऊन ठेपतं.

पाणी वापरणारा ग्राहक मिळाला तर केंद्र अधिक नीट चालतं, हेही नमूद करतो. नागपूरला भांडेवाडीचं प्रक्रिया केलेलं पाणी कोराडीच्या औष्णिक वीजकेंद्राला जातं. वीजकेंद्राला खराब पाणी चालत नाही, ते लगेच तक्रार करतं. नदी तक्रार करत नाही, म्हणून तिच्या वतीने नोंदी पाहणारं कुणीतरी लागतं.

घराघरांत काय करायचं तेही सांगतो, कारण त्याचा परिणाम केंद्रात मोजता येतो. गच्चीचं पावसाचं पाणी ड्रेनेजच्या चेंबरला जोडलेलं असेल तर ते आधी तोडा. एका मोठ्या सोसायटीची गच्ची तासाभराच्या जोरदार पावसात इतकं पाणी देते की त्याच वाहिनीतलं मैलापाणी खालच्या चेंबरमधून रस्त्यावर येतं. पॅड, डायपर, ओले वाइप्स कमोडमध्ये टाकू नका, पाकिटावर काहीही लिहिलेलं असो. तळणीचं तेल सिंकमध्ये ओतू नका. आणि चेंबर तुंबलं तर कुणालाही आत उतरवू नका. साचलेल्या मैलापाण्यातल्या हायड्रोजन सल्फाइडचा वास सुरुवातीला येतो, प्रमाण वाढलं की नाकच बधिर होतं, आणि वास गेला म्हणजे धोका टळला असं वाटून माणूस आणखी खाली जातो. वाचवायला उतरलेला दुसराही तिथेच पडतो. सुरक्षेविना माणसाला गटारात उतरवणं २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे. जेटिंगची गाडी मागवा, वेळ लागला तरी चालेल.

आता नोंदी कुठल्या मागायच्या. माहितीच्या अधिकारात किंवा प्रभागाच्या बैठकीत सलग बारा महिन्यांच्या या नोंदी मागा: रोजचा आवक प्रवाह, आत येणारी आणि बाहेर जाणारी बीओडी, रोजचा एमएलएसएस आणि मोजपात्रातला गाळ, बाहेर गेलेल्या केकचं वजनकाट्यावरचं वजन आणि तो कुठे टाकला त्याची पावती, विजेची युनिटं, क्लोरीनची खरेदी. मग त्या एकमेकींशी जुळतात का पाहा. एसबीआर केंद्राला दर एमएलडीमागे दिवसाला साधारण दीडशे ते दोनशे युनिटं लागतात. ३० एमएलडी दाखवलं असेल तर रोज साडेचार ते सहा हजार. पंपिंग फार उंच असेल तर जास्त. युनिटं निम्मी असतील तर पाणी तरी निम्मं आलं आहे किंवा ब्लोअर तरी निम्मा वेळ बंद होते.

बीओडीच्या आकड्यांत एक गोष्ट तपासा. आपल्याकडे ही चाचणी २७ अंश सेल्सिअसला तीन दिवस चालते, त्यामुळे निकाल तीन दिवसांनी मिळतो. नमुना घेतल्याच्या दिवशीच निकालाची तारीख असेल तर तो आकडा चाचणीचा नाही. वर्षभर रोज ८, ९, ८, ९ अशी बीओडी लिहिली असेल तर तेही मान्य करू नका, कारण सोमवारच्या आणि रविवारच्या, उन्हाळ्यातल्या आणि पावसाळ्यातल्या मैलापाण्यात फरक पडतोच. नमुना एका वेळचा आहे की चोवीस तासांत दर तासाला घेऊन एकत्र केलेला, हेही विचारा. दुपारी दोन वाजता घेतलेल्या एका बाटलीला सकाळी आठचा गाळ दिसत नाही.

जून ते सप्टेंबरच्या नोंदी वेगळ्या काढून वाचा. त्या महिन्यांत प्रवाह वाढलेला, बीओडी पातळ झालेली आणि ग्रिट जास्त निघालेलं दिसलं पाहिजे. तसं दिसत असेल, केकचं वजन महिन्याच्या बीओडीशी जुळत असेल, आणि तरीही नदीला फेस असेल, तर केंद्राच्या माणसांना दोष देऊ नका. मग वहीपेन घेऊन नाल्यांच्या तोंडाशी जा आणि कोरड्या दिवसांत, पहाटे आणि सकाळी आठला, कुठल्या नाल्यातून किती पाणी येतंय ते नोंदवा. पाऊस नसताना नाल्यात सकाळी वाढणारं पाणी म्हणजे घरांचंच पाणी, आणि ते कुठल्या भागातून येतंय हे कळलं की पालिकेच्या ड्रेनेज विभागाकडे नेमकी कुठली वाहिनी जोडायला मागायची तेही कळतं.